चटणीचा भाव ठरवण्याआधी तयार माल तोला

कोल्हापुरात घरगुती धंदा म्हटला की पहिली आठवते ती चटणी, म्हणजे बाहेरच्यांचा कांदा-लसूण मसाला. विकायला काढण्याआधी एक छोटा घाणा करा आणि डंकावरून, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावरून, आलेली चटणी तोला. कांद्यात 85 टक्क्यांच्या वर पाणीच असतं, ते भाजताना उडतं. मिरचीचे देठ जातात, थोडी चटणी डंकालाच चिकटून राहते. पाच किलो सामान आणलं म्हणून पाच किलो चटणी होत नाही, पण भाव मात्र आपण त्याच हिशोबानं लावून बसतो! एकूण खर्चाला तयार वजनानं भागा. त्यात कांडपाची मजुरी, गॅस, पाकीट धराच. स्वतःचे तासही धरा, ते घरात कुणीच धरत नाही.

वर्षाचा साठा एप्रिल-मेच्या उन्हातच उरकून घ्या. कांदा जरा ओलसर राहिला तरी पावसाळ्यात चटणीला बुरशी येते.

अन्नसुरक्षा नोंदणी ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर होते. छोट्या घरगुती धंद्याला शुल्क वर्षाला 100 रुपये. मिळालेला 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापा. शेजारीपाजारी विचारतील, “घरच्या चटणीला कसला नंबर?” दुकानदार मात्र आधी तोच बघतो.