जुन्या घरगुती संगणकांचा हौशी गट कसा चालवावा: ठाणे-नवी मुंबईपुरते काही नियम

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे दोन्ही संगणक १९८२ साली बाजारात आले, आणि बीबीसी मायक्रो त्यांच्या आदल्या वर्षाच्या अखेरीस. आपल्याकडे ते दोन वाटांनी पोहोचले. परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांमधून काही यंत्रे आली. बाकीची इथल्याच उद्योगांनी आणली. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस इथे जुळवून विकला, तर केंद्र सरकारने १९८४-८५ साली शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पामुळे बीबीसी मायक्रो वर्गावर्गांत दिसू लागला आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची देशी आवृत्ती काढली. यांपैकी बरीच यंत्रे आज ठाण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. नौपाड्यात एखादी इमारत पुनर्विकासाला गेली, की भाड्याच्या घरात हलण्यापूर्वी माळा रिकामा करावा लागतो आणि संगणक भंगारात जातो. असे संगणक वाचवणारा, दुरुस्त करणारा आणि चालवून पाहणारा हौशी गट उभा करायचा असेल, तर त्याचे काम यंत्रे जमवणे हे नसून ती चालती ठेवणे आणि त्यांच्यासोबत आलेली इथली माहिती जपणे हे आहे, ही गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवी. संग्रह वाढवण्याच्या नादात पडलेल्या गटाचे लवकरच गोदाम होते, आणि गोदामाला लागणारी जागा ठाण्यात किंवा वाशीत कोणाकडेही नसते.

दिवस आणि जागा

बैठकीचा दिवस एकदा ठरवून तो बदलू नये. रविवार सर्वांना सोयीचा वाटतो, परंतु मध्य, हार्बर किंवा ट्रान्सहार्बर मार्गावरच्या मेगाब्लॉकमुळे जड पिशव्या घेऊन येणाऱ्यांचे हाल होतात. म्हणून महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार घ्यावा. त्या दिवशी बँक कर्मचाऱ्यांना सुट्टी असते, आणि सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाल्यापासून तिथली मंडळीही मोकळी असतात. एकदा ठाण्यात आणि एकदा नेरूळला अशी आलटून-पालटून बैठक घेण्याची सूचना हमखास येते आणि ऐकायला ती न्याय्यही वाटते, परंतु प्रत्येक महिन्याला ‘या वेळी कुठे?’ असे विचारावे लागले, की कधीतरी येणारा माणूस येणेच सोडतो. ठाणे ते वाशी असा थेट लोकलमार्ग असताना एकच जागा, आणि तीही स्थानकापासून चालत जाण्याजोगी, पुरेशी आहे.

सोसायटीचे क्लबहाउस, शाळेचा वर्ग किंवा एखाद्या संस्थेची खोली यांपैकी जे मिळेल ते घ्यावे. क्लबहाउससाठी त्याच सोसायटीत राहणाऱ्या सभासदाने सचिवांना लेखी पत्र द्यावे. त्यात वेळ, माणसांची अंदाजी संख्या आणि ‘विजेवर चालणारी जुनी उपकरणे लावली जातील’ हे वाक्य न विसरता घालावे. जागा पाहायला जाताना खुर्च्या मोजण्यापेक्षा सॉकेट मोजावेत आणि सॉकेट टेस्टर लावून अर्थिंग आहे की नाही ते तपासावे. तीन पिनांचे सॉकेट दिसले, म्हणजे त्यामागे अर्थिंगची तार असेलच असे नाही.

बैठक कशी चालवावी

१९७५ सालच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या गटाची पहिली बैठक झाली. पुढे त्याचेच सभासद ली फेल्सेन्स्टाइन यांच्या सूत्रसंचालनाखाली त्यांच्या बैठकांना जी पद्धत लागली, ती आजही जशीच्या तशी उचलण्याजोगी आहे. पहिल्या भागात एकेकाने उभे राहून आपल्याकडे काय आहे, काय अडले आहे आणि काय हवे आहे एवढेच सर्वांसमोर सांगायचे. दुसऱ्या भागात ज्याला ज्याच्याशी बोलायचे असेल, त्याने त्याला गाठायचे. आपल्याकडे पहिला भाग लांबतो. नव्याने आलेला माणूस लहानपणीच्या आठवणींत शिरतो, बाकीच्यांनाही त्या ऐकाव्याशा वाटतात, आणि हातातले काम तसेच राहते. सूत्रसंचालकाने प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे द्यावीत व आठवणींसाठी चहाची वेळ राखून ठेवावी.

प्रत्येक बैठकीला एक ठरलेले काम असावे, आणि ते आधीच्या बैठकीतच जाहीर करावे: या खेपेस कळफलकाचे मेंब्रेन (कळांखालचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा) बदलणे, पुढच्या खेपेस फ्लॉपी वाचून घेणे. स्पेक्ट्रमचे मेंब्रेन वयोमानाने कडक होते आणि कळफलक उघडताच त्याची पट्टी तुटते. त्यामुळे नवे मेंब्रेन हातात असल्याशिवाय यंत्र उघडू नये, एवढे जरी सर्वांनी प्रत्यक्ष पाहिले, तरी त्या शनिवारचे सार्थक झाले.

तपासल्याशिवाय वीज नाही

गटाचा एकच नियम मोडता येणार नाही असा ठेवायचा असेल, तर तो हा ठेवावा. माळ्यावरून उतरवलेला संगणक आणणाऱ्याला तो ताबडतोब लावून पाहायचा असतो, आणि अनेक यंत्रे नेमकी त्याच क्षणी मरतात. दाराजवळचे पहिले टेबल तपासणीचे असावे. तिथे मल्टीमीटर, स्क्रूड्रायव्हर आणि नोंदवही घेऊन एक जाणता सभासद बसलेला असावा, आणि त्याने सही केल्याशिवाय कोणतेही यंत्र पुढच्या टेबलावर जाऊ नये.

तपासणीत काय पाहायचे, ते यंत्रानुसार बदलते. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो, परंतु त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो, आणि पीन मात्र बिनबोभाट बसते. म्हणून अडॅप्टरवरचे चिन्ह वाचून न थांबता मल्टीमीटरने ध्रुवता (धन कुठे, ऋण कुठे) पाहावी. कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा हा त्याहून कपटी प्रकार आहे. तो सीलबंद असतो, आत तापून-तापून त्याचा रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) निकामी होतो, आणि ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब जाऊन मेमरीच्या चिपा जळतात. तो यंत्राला न जोडता आधी मोजावा, आकडा सव्वापाच व्होल्टच्या वर दिसला तर बाजूला ठेवावा, आणि आकडा बरोबर आला तरी जुन्या ठोकळ्यावर विसंबू नये. नवा पुरवठा घेणे हेच शहाणपणाचे. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात मेन्सच्या (भिंतीतल्या सॉकेटमधून येणाऱ्या विजेच्या) बाजूला पिवळसर पारदर्शक आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. त्या आवरणाला बारीक चिरा पडतात, आपल्या दमट हवेतली ओल त्यांतून आत शिरते, आणि वीज दिल्यावर काही मिनिटांतच दाट, उग्र वासाचा धूर निघतो. यंत्र सहसा वाचते, पण सोसायटीचे क्लबहाउस पुन्हा मिळत नाही. हे कपॅसिटर एक्स-२ (मेन्सला जोडण्याजोग्या) वर्गाच्याच नव्या कपॅसिटरने आधी बदलावेत. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर ११० व्होल्ट लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय पीन हातात घेऊ नये. वीज चालू असताना स्पेक्ट्रमच्या मागच्या जोडणीत काहीही घालू किंवा काढू नये, हे टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावे.

ज्या बोर्डावर जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी आहे, तो संगणक चालता असो वा बिघडलेला, बॅटरी आधी काढावी. तिच्यातून गळलेला द्रव अल्कधर्मी असतो आणि तांब्याच्या रेषा खातो. पांढऱ्या व्हिनेगरने तो भाग पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण मात्र बैठकीत कोणीही उघडू नये. सेट बंद केल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा भार राहू शकतो. ते काम टीव्ही मेकॅनिकचे.

कॅसेट, फ्लॉपी आणि बुरशी

तपासणी झाली, की नवख्या माणसाला पहिला प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने चढवू द्यावा. स्पेक्ट्रमवर ‘जे’ ही कळ दाबली, की ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो. पुढे दोन अवतरणचिन्हे देऊन एंटर दाबायचे आणि कॅसेट सुरू करायची. पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी रुंद पट्टे सरकतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागतात, आणि मोठा प्रोग्रॅम चढायला चार-पाच मिनिटे लागतात. मधेच ‘टेप लोडिंग एरर’ आले, तर आवाज कमी-जास्त करून पाहावा, आणि तरीही जमले नाही तर रेकॉर्डरच्या हेडचा बारीक स्क्रू किंचित फिरवावा. कॅसेट चालतच नसेल तर मोबाइलच्या हेडफोनच्या छिद्रातून तोच आवाज स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ सॉकेटला देता येतो. खेळ लहान मुलांना जितका आवडत नाही, तितके हे पट्टे आवडतात.

गटाचे खरे काम या कॅसेट-फ्लॉपींच्या टेबलावर आहे. ब्रिटनमध्ये विकले गेलेले खेळ तिथल्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवले आहेत, त्यांची आणखी एक प्रत काढून काही साधत नाही. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने भावगीतांच्या कॅसेटवर पुसून उतरवलेला ‘बेसिक’ या संगणकभाषेतला प्रोग्रॅम, शाळेच्या संगणक वर्गाची फ्लॉपी, डेसिबेल्सच्या यंत्रासोबतचे कागद, दुकानदाराचे बिल, यांची दुसरी प्रत मात्र जगात कुठेही नसण्याची शक्यता आहे. म्हणून कॅसेट आवाजाच्या स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झला, वेव्ह फाइलमध्ये उतरवावी. एमपीथ्री करू नये, कारण आकुंचनात संकेत बिघडू शकतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून चकतीवर उजेड पाडून पाहावा. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी फिरवली, तर चकती खरवडली जाते आणि हेडवर बसलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही खराब करते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ यासाठी वाईटच. त्या महिन्यांत नवी यंत्रे स्वीकारू नयेत, आणि असलेल्या वस्तू सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवाव्यात. यंत्रे देण्याचे आवाहन दिवाळीच्या साफसफाईच्या आधी करावे. तेव्हा माळे तसेही रिकामे होत असतात.

वस्तू देणाऱ्याला लगेच पोच द्यावी, आणि तिच्यावर ‘कायमची दिली’ की ‘उसनी दिली’ हे लिहून घ्यावे. त्याच वेळी त्यांना बसवून, यंत्र कुठून आणले, कोणी वापरले, किती किमतीला पडले, कशासाठी वापरले हे विचारून लिहून ठेवावे. आजोबांचा संगणक नातू घेऊन येतो तेव्हा यांपैकी निम्मी उत्तरे घरी फोन करून मिळतात, म्हणून तो फोन तिथेच लावायला सांगावा. फ्लॉपीवर खासगी पत्रे किंवा हिशेब निघाले, तर ते कुटुंबाला परत करून गटाची प्रत पुसावी.

जुने म्हणजे फुकट, हा गैरसमजही पहिल्यापासून दूर करावा. भारतीय कायद्यानुसार प्रोग्रॅमवरचा स्वामित्वहक्क कित्येक दशके टिकतो. स्पेक्ट्रमच्या रॉमची (यंत्रातच कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची) गोष्ट वेगळी आहे: १९८६ साली सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेणाऱ्या अॅमस्ट्रॅड कंपनीने एम्युलेटरसोबत (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमसोबत) ती देण्यास १९९९ साली अटींसह परवानगी दिली. इतर यंत्रांना हाच न्याय लागू होतो असे समजू नये.

पैसे आणि माणसे

वर्गणी खर्चापुरतीच असावी: जागेचे भाडे, चहा, सोल्डर, कपॅसिटर. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायचे तर एकाने सर्वांची यादी घेऊन जावे आणि बिले आणून द्यावीत. खजिनदाराने गटाचे पैसे यूपीआयने घ्यायचे असतील तर त्यासाठी वेगळे बचत खाते वापरावे, आणि जमाखर्च दर बैठकीत वाचून दाखवावा. नोंदणीची घाई करू नये. संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार नोंदणी करायला किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेची नोंदणीही येते; त्यानंतर दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज हे सारे ओघाने आलेच. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या गटाचा निम्मा उत्साह त्यातच संपेल. मोठी देणगी किंवा स्वतःची जागा मिळण्याची वेळ आली, की मग नोंदणीचे पाहावे.

दान मिळालेले यंत्र कोणाही सभासदाने विकू नये. सभासदांच्या स्वतःच्या वस्तूंची देवघेव चहाच्या वेळी खुशाल व्हावी, पण भाव ठरवण्यात गटाने पडू नये. कामापलीकडे गेलेल्या बोर्डावरच्या चालू चिपा काढून घ्याव्यात, आणि उरलेले सामान भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे पाठवावे. भंगारात तारा जाळून तांबे काढले जाते, ते आपल्या संगणकांचे नसावे.

कार्यवाह, खजिनदार आणि तपासणीच्या टेबलावरचा जाणकार, ही तीन कामे तीन वेगळ्या माणसांकडे असावीत, आणि प्रत्येकाच्या हाताखाली शिकणारा एकजण असावा. विशेषतः तिसऱ्या कामाकडे लक्ष द्यावे, कारण सोल्डरिंगचा हात असलेला माणूस गटात बहुधा एकच असतो, सगळे त्याच्याकडेच जातात, आणि वर्षभरात तो कंटाळून येईनासा होतो. त्याने एका बैठकीत ठरावीक यंत्रेच घ्यावीत, बाकीची पुढच्या खेपेच्या यादीत जावीत. नोंदवही, पोचांच्या प्रती आणि उतरवलेल्या फाइली यांचे दोन संच ठेवावेत, एक ठाण्यातल्या सभासदाच्या घरी आणि दुसरा नवी मुंबईतल्या, आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही संचांतल्या काही फाइली उघडून त्या वाचता येतात का ते पाहावे.