सर्व्हर-साइड वेब प्रोग्रॅमिंग ऑनलाइन शिकताना: ठाण्यातून एक अनुभव

ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमात पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवणारा डेटाबेस) यांचा विषय घेतला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. मी ठाण्यात राहून आणि ऐरोलीतली नोकरी सांभाळून हा विषय केला. सगळ्यात आधी एक गोष्ट आग्रहाने सांगते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय जातं आणि काय येतं, ते बघायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. व्हिडिओ मागे पडले तर भरून काढता येतात, पण ही सवय नसेल तर पुढचं सगळं पाठांतर होऊन बसतं.

एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट करून आलेल्यांचा हात एका पद्धतीला बसलेला असतो: फाइल सेव्ह करायची, डबल-क्लिक करायचं, पान दिसतं. पीएचपीची फाइल अशी चालत नाही, कारण ब्राउझरला पीएचपी कळतच नाही. झॅम्प (आपल्याच संगणकावर सर्व्हर चालवणारा संच) टाकून लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच संगणकाच्या, पत्त्यावर तीच फाइल मागवली की त्यातला अपाची हा वेब सर्व्हर ती पीएचपीकडे सोपवतो आणि तयार झालेलं एचटीएमएल तेवढं ब्राउझरकडे येतं. पान उघडून ‘व्ह्यू सोर्स’ करून बघा. तुमच्या पीएचपीची एकही ओळ तिथे नसते. हे स्वतः बघितल्यावर कोणता कोड कुठे चालतो, ही शंका पुन्हा येत नाही.

मग एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि तो उघडाच असू द्या. तिथे प्रत्येक विनंतीसमोर सर्व्हरच्या उत्तराचा आकडा, म्हणजे स्टेटस कोड, दिसतो. 404 आला तर पत्ता तपासा, 403 आला तर परवानगी. 500 आला तर सर्व्हरवर काहीतरी फुटलंय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा अपाचीच्या एरर लॉगमध्ये (चुकांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत) लिहिलेलं असतं. नवीन मुलं पांढरं पान बघून कोड पुसतात आणि पुन्हा लिहायला घेतात. त्याआधी लॉगची शेवटची ओळ वाचा, त्यात फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांकसुद्धा असतो.

ऑनलाइन वर्गात याचा दुहेरी उपयोग होतो. सरांना किंवा मॅडमना तुमचा स्क्रीन दिसत नाही. ‘सर, चालत नाहीये’ असं लिहिलंत तर त्यांना उलट चार प्रश्न विचारावे लागतात आणि लाइव्ह तासाचा वेळ त्यातच जातो. मागवलेला पत्ता, स्टेटस कोड, लॉगच्या शेवटच्या ओळी आणि तुम्हाला काय अपेक्षित होतं, एवढं पाठवलं की नेमकं उत्तर मिळतं. पुष्कळदा हे लिहून काढतानाच आपलं आपल्याला सापडतं.

प्रोजेक्टसाठी विद्यार्थी-नोंदणी घेऊ नका, ती सगळेच घेतात. आजूबाजूचा खरा व्यवहार घ्या. मी पोळी-भाजी केंद्राच्या ऑर्डरी घेतल्या, कारण नौपाड्यात असा व्यवहार रोज डोळ्यांसमोर असतो: सकाळी दहापर्यंत ऑर्डर, महिन्याचं खातं, पत्त्यात विंग आणि मजला. एवढ्याशा कामात या विषयातले जवळजवळ सगळे कठीण प्रश्न येऊन जातात.

पत्त्याचंच बघा. कुणी एकेरी अवतरणात ‘बी’ विंग असं लिहिलं आणि तो मजकूर तुम्ही क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) सरळ जोडला असेल, तर क्वेरी तिथेच तुटते. एसक्यूएल इंजेक्शन करणारा, म्हणजे फॉर्ममधून स्वतःची आज्ञा घुसवणारा, याच फटीतून आत येतो. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि त्यात भरायचा मजकूर वेगळे ठेवणं. पुढे शिकू म्हणून ते बाजूला ठेवू नका, पहिल्या क्वेरीपासूनच वापरा. पोळी-भाजीचा दर फॉर्ममधून आला म्हणून खरा धरू नका. लपवलेलं फील्डही ग्राहक एफ१२ उघडून बदलू शकतो, म्हणून एकूण रक्कम डेटाबेसमधल्या दरावरून सर्व्हरवरच काढायची. आणि दहाची वेळ? ती कोणाच्या घड्याळाची, ते ठरवावं लागतं. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या साडेपाच तास मागे चालतो आणि ऑर्डरी दुपारी साडेतीनपर्यंत येत राहतात. पीएचपी आणि मायएसक्यूएल या दोन्हींचे टाइमझोन वेगवेगळे तपासा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टेबल आणि कनेक्शन, दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्या साठवणारी अक्षर-पद्धत) आहे का ते बघा.

लॉगिनचा धडा सावकाश करा. एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही, म्हणून सेशन, म्हणजे ग्राहकाची ओळख धरून ठेवणारी नोंद, लागतं. ब्राउझरकडे कुकीत (ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत) फक्त एक ओळखक्रमांक असतो, माहिती सर्व्हरवर राहते. लॉगिन करून ती कुकी हाताने पुसा आणि पान पुन्हा मागवा, तुम्ही बाहेर पडलेले असता. नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा ‘सेशन कुठे राहतं?’ या प्रश्नाची तयारी असू द्या. हा प्रयोग केलेला असला की उत्तर ठामपणे येतं. पासवर्ड साधा साठवायचा नाही आणि एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीनेही नाही. पीएचपी 5.5 पासून, म्हणजे 2013 पासून, पासवर्ड हॅश करायचं (मूळ शब्द परत काढता येणार नाही असं रूप द्यायचं) फंक्शन भाषेतच आहे.

इथेच जुन्या साहित्याबद्दल सावध करते. डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 मधून मायएसक्यूएलची जुनी फंक्शनं काढून टाकली गेली, तरी ती वापरणाऱ्या नोट्स आणि व्हिडिओ अजून फिरत असतात. त्यांच्या जागी आलेलं मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ दिसलं तरच पुढे वाचा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले पाठ मोफत आहेत आणि त्यात मराठीही आहे. संकल्पना आपल्या भाषेत ऐकायला मला ते फार आवडतात, पण कोणत्याही पाठाची आवृत्ती आधी बघायची.

वेळेचं म्हणाल तर ठाणे-ऐरोली लोकलमध्ये मी कोडचे व्हिडिओ बघितले नाहीत. हात चालत नसताना ते डोक्यावरून जातात. प्रवासात टेबलांची रचना कागदावर काढणं जमतं. लोकलहोस्टला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे घरचं वायफाय गेलं तरी सराव थांबत नाही. अभ्यासिकेत नाव घालणार असाल तर लॅपटॉपसाठी प्लग मिळेल का, ते आधी विचारा.

लाराव्हेलची (पीएचपीतला तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) घाई करू नका. एक लॉगिन आणि एक ऑर्डर-फॉर्म साध्या पीएचपीत पूर्ण झाला की मग घ्या, तेव्हा ते आपलं कोणतं काम वाचवतंय हे दिसतं.

प्रोजेक्ट होस्टिंगवर चढवण्याआधी फाइलींची नावं एकदा नजरेखालून घाला. विंडोजवर इंग्रजी लहान-मोठी अक्षरं चुकली तरी फाइल सापडते, लिनक्सवर त्याच जागी 404 येतो. आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) टाकू नका. चुकून गेलीच, तर नुसती पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये (आधी जतन केलेल्या नोंदीत) ती तशीच राहते. पासवर्डच बदलावा लागतो.