आधी कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर शेवटी: एमजीबीचं इंजिन तपासायला शिकणाऱ्यांसाठी

जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या कामात नव्याने येणाऱ्याचा हात सगळ्यात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. बॉनेट उघडलं की एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचे दोन चकचकीत घुमट समोरच दिसतात, नट फिरवला की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो आणि वाटतं, दुखणं इथंच आहे. माझं सांगणं नेमकं उलट आहे. इंजिन दाब धरतंय का, हे आकड्यांत कळेपर्यंत कार्ब्युरेटरला हात लावू नका. दाबच नसेल तर ट्यूनिंगला अर्थ नाही. उलट मूळ बिघाड झाकला जातो आणि पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं.

मी हे काम मुख्यतः एमजीबीवर शिकलो, म्हणून उदाहरणं तिचीच देतो. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात बनलेली ही गाडी. 1798 सीसीचं, ओतीव लोखंडी हेडचं चार सिलिंडरचं इंजिन, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2. शिकायला याहून चांगलं इंजिन मला माहीत नाही, कारण सगळं उघड्यावर आहे आणि प्रत्येक गोष्ट हाताने मोजता येते.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणं, सोपी वाटते, पण निष्काळजीपणे घेतलेला आकडा दिशाभूल करतो. इंजिन गरम हवं. बॅटरी भरलेली हवी. चारही प्लग बाहेर काढा आणि कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवा, म्हणजे उघड्या भोकांतून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडणार नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा, नाहीतर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरवर पाच-सहा स्ट्रोक द्या, सगळ्यांना सारखेच.

निरोगी एमजीबीत साधारण 150 ते 170 पीएसआय मिळतात. पण मी त्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त मानतो. गेज वेगळं, समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी, कॅमशाफ्ट बदललेला, अशा कारणांनी चारही आकडे एकत्र खाली येऊ शकतात. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशाखाली गेला, तर मात्र कारण शोधायलाच हवं. पहिल्या स्ट्रोकला काटा कुठं गेला हेही लिहून ठेवा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर सुरुवात कमी होते आणि दाब हळूहळू चढत जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर तो सुरुवातीलाही कमी असतो आणि फारसा चढतही नाही.

मग ज्या सिलिंडरचा आकडा कमी आला त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब स्पष्ट वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्रच कमी आले, तर पहिला संशय त्या दोघांमधल्या गॅस्केटवर घ्या.

एका गाडीचं सांगतो, कारण तिच्यात बरंच शिकण्यासारखं होतं. तक्रार अशी की आयडलवर (गाडी उभी असताना मंद वेगात) इंजिन थरथरतं, वेगात मात्र जवळजवळ ठीक चालतं. आधीच्या कुणीतरी दोन्ही कार्ब्युरेटरचे नट मनसोक्त फिरवलेले. मोजल्यावर तीन सिलिंडर उत्तम, तिसरा निम्म्याच्या आसपास, आणि ऑइल टाकूनही फरक नाही. तेव्हा कॉम्प्रेस्ड एअर लावून लीक-डाउन टेस्ट केली. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकावर आणायचा, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. इथं हवा सायलेन्सरमधून येत होती, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

हेड उतरवायच्या आधी टॅपेट तपासले. थंड इंजिनवर रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला गॅप 0.015 इंच हवा. एमजीबीत आठ व्हॉल्व्ह असतात आणि नऊचा नियम चालतो: चौथा पूर्ण उघडा असेल तेव्हा पाचवा सेट करायचा, आठवा उघडा असेल तेव्हा पहिला, बेरीज नेहमी नऊ. पाचवा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट. त्याच्यात फिलर गेजचं सर्वांत पातळ पातंसुद्धा शिरेना. जुन्या पेट्रोलमधलं शिसं, व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो त्या मऊ सीटना जपत असे. शिसं नसलेल्या पेट्रोलवर गाडी सतत जोरात पळवली की सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो, गॅप संपतो आणि व्हॉल्व्ह नीट न बसल्यामुळे जळतो. मालकाला तर टॅपेटचा आवाज कमी झाला याचं समाधान होतं! थोडा वाजणारा टॅपेट चालेल, अचानक गप्प झालेल्याची मात्र काळजी करा. गॅप बरोबर केल्यावर दाब थोडाच वाढला. शेवटी हेड उतरवून नवा व्हॉल्व्ह आणि कडक सीट बसवावी लागली.

दाब ठीक निघाला की इग्निशन. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.015 इंचांच्या आसपास, प्लगचा 0.025. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघा. बुश झिजलेलं असेल तर स्ट्रोब लाईटमध्ये टायमिंगची खूण एका जागी थांबत नाही, आणि तिच्यावर केलेलं कुठलंही सेटिंग टिकत नाही. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या नळीला तोंडाने ओढून पडदा फाटलेला नाही ना, ते बघा. टायमिंगचा आकडा तुमच्या इंजिन नंबरच्या मॅन्युअलमधूनच घ्या, कारण तो मॉडेलप्रमाणे बदलतो.

आता कार्ब्युरेटर. पुढचा 1 आणि 2 ला मिश्रण देतो, मागचा 3 आणि 4 ला. त्यामुळे जोडीतले दोन्ही प्लग काळे असतील तर कार्ब्युरेटरवर संशय घ्यायला जागा आहे. एकटाच काळा असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. डॅशपॉटमध्ये (वरच्या घुमटात) एसएई 20 ऑइल आहे ना आणि कार्ब्युरेटरचा पिस्टन उचलून सोडला की टक् आवाज करत खाली बसतो ना, हे आधी बघा. थ्रॉटल शाफ्ट झिजला असेल तर तिथून फालतू हवा शिरते आणि आयडल कधीच स्थिर होत नाही. मग दोन्ही कार्ब्युरेटर जोडणारं लिंकेज सैल करून, कानाला रबरी नळी लावून दोन्ही घशांचा आवाज सारखा करा. सगळ्यात शेवटी मिश्रण: पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचला. इंजिन वेग धरून वरच राहिलं तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), वेग पडला तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर. जेटचा नट खाली नेला की मिश्रण रिच होतं, वर नेला की लीन. नट एका वेळी त्याच्या एकाच चपट्या बाजूइतका फिरवा, ते वहीत लिहा आणि पुढचा नट फिरवण्याआधी इंजिन क्षणभर रेस करून पुन्हा आयडलला येऊ द्या.