जँगोच्या क्वेरीसेटमधून डेटा नेमका कसा काढायचा

जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) फिल्टर लिहिलं की डेटा आला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये, फिल्टर नुसता क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसकडे काय मागायचं याचा आराखडा, बनवून देतो आणि डेटाबेसला तोवर कुणी हातही लावलेला नसतो. त्यावर अजून फिल्टर लावा, एक्सक्लूड लावा, ऑर्डर बाय लावा, काही होत नाही. फॉर लूप फिरवला, लिस्टमध्ये टाकलं, लेन (len, म्हणजे लांबी) विचारली किंवा थेट इफमध्ये ठेवला की मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सुटते. शेलमध्ये (कमांड टाइप करायची जागा) नुसतं क्वेरीसेटचं नाव टाइप केलं तरी सुटते, आणि तिथे पहिली 20च रेकॉर्ड दिसतात, म्हणून बाकीचा डेटा गेला कुठे म्हणून घाबरू नका.

एकच रेकॉर्ड हवं असेल तर गेट, पण प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्डची स्वतंत्र ओळख) किंवा युनिक फील्डवरच वापरा, कारण काही सापडलं नाही तरी एरर आणि दोन सापडली तरी एरर. 'असेल तर दे, नसेल तर राहू दे' असं असेल तर फर्स्ट बरा, तो काही नसेल तर गुपचूप नन (None, म्हणजे 'काही नाही') देतो.

आहे की नाही एवढंच बघायचंय तर एक्झिस्ट्स, आकडा हवाय तर काउंट. आकड्यासाठी लेन लावली तर सगळ्या रो (टेबलच्या ओळी) मेमरीत येतात, पुढे त्याच रो वापरणार असाल तर ठीक, नाहीतर उगाच ओझं.

आता खरी गोची. समजा 100 पुस्तकांची यादी आहे आणि लूपमध्ये प्रत्येकाच्या लेखकाचं नाव छापताय, तर यादीची 1 आणि लेखकांच्या 100 अशा 101 क्वेरी जातात, लोकलवर कळतही नाही आणि लाइव्ह गेल्यावर पेज रांगायला लागतं. लेखक फॉरेन की (दुसऱ्या टेबलच्या एका रेकॉर्डकडे बोट दाखवणारं फील्ड) असेल तर सिलेक्ट रिलेटेड लावा, जॉइन होऊन, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून, एकाच क्वेरीत काम होतं. मेनी टू मेनी (एका पुस्तकाचे अनेक लेखक, एका लेखकाची अनेक पुस्तकं) असेल तर प्रीफेच रिलेटेड, त्यात दोन क्वेरी जातात पण दोनच. हे प्लीज सवयीचं करा, बऱ्याच स्लो पेजचं मूळ इथेच असतं.

एकदा लूप फिरला की रिझल्ट त्याच क्वेरीसेटमध्ये साठून राहतो, म्हणून तो व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, दरवेळी नव्याने ऑल लिहिलं तर दरवेळी नवी क्वेरी. लाखो रो असतील तर मात्र साठवणं परवडत नाही, तिथे इटरेटर, तो रो साठवून न ठेवता देत जातो.

शंका आली तर क्वेरीसेटची क्वेरी प्रिंट करून एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) डोळ्यांनी बघा, आणि डीबग ऑन असताना कनेक्शन डॉट क्वेरीजची (connection.queries, गेलेल्या क्वेरींची यादी) लांबी मोजा.