गेमबुक तपासताय? या चुका टाळा

गेमबुक म्हणजे 'पूल ओलांडायचा तर ११२ वर जा, तलवार उपसायची तर २६७ वर जा' वाली साहसकथा. १९८२ च्या 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'मध्ये असे ४०० सेक्शन आहेत. असं पुस्तक लोक कादंबरीसारखं पान १ पासून शेवटपर्यंत वाचतात आणि म्हणतात झालं प्रूफ. नाही झालं! ११२ वर आलेला माणूस १११ वाचून आलेलाच नसतो.

माझा सगळ्यात जास्त राग रिप्लेस ऑलवर आहे, म्हणजे एका झटक्यात सगळीकडचा मजकूर बदलणाऱ्या सोयीवर. एका मित्राचं ३५० सेक्शनचं पुस्तक माझ्याकडे आलं होतं, त्याने शेवटच्या क्षणी सेक्शन पिसले, ३८ चा केला ८३ आणि मारलं रिप्लेस ऑल. झालं, १३८ चा १८३, २३८ चा २८३, आणि नावाड्याला द्यायची ३८ नाणी पण ८३ झाली. मग जुन्या ८३ ला १२ करायचं होतं म्हणून परत रिप्लेस ऑल, त्यात आत्ताच ८३ झालेले सगळे पण १२ वर गेले. ड्रॅगनला मारून बाहेर पडलेला वाचक थेट सुरुवातीच्या खानावळीत! त्यात अर्धे आकडे देवनागरी, अर्धे इंग्रजी, त्यामुळे एकात शोधलं की दुसरे सापडेनात. अकरा रात्री गेल्या, एकेक दुवा हाताने लावला.

तेव्हापासून मी ड्राफ्टमध्ये नंबर ठेवूच देत नाही. 'गुहा-दार', 'नावाडी-नकार' अशी नावं, नंबर अगदी शेवटी. आणि वहीत दोन रकाने: या सेक्शनमधून कुठे जाता येतं, आणि इथे कुठून येता येतं. दुसरा रकाना नवीन लोक कंटाळा करून सोडतात आणि नेमक्या तिथेच चुका लपलेल्या असतात. ट्वाइनमध्ये, म्हणजे अशा फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दुव्यांचा नकाशा दिसतो, चांगलंच आहे, पण दिवा विहिरीत पडल्यावर तीन सेक्शन पुढे तोच दिवा पेटवायला सांगितलाय हे तो नकाशा सांगत नाही. त्यासाठी मी कागदावर सामानाची यादी घेऊन खरंच खेळतो.

रिकामा दुसरा रकाना दिसला की लगेच सेक्शन उडवू नका. कधीकधी गोष्टीत सापडलेल्या किल्लीवरचा आकडा हिशोबात घेऊन वाचकाने तो नंबर स्वतः काढायचा असतो, तिथे कुठूनच दुवा नसणार. एकाने असाच सेक्शन 'फालतू' म्हणून काढला आणि जिंकायचा एकमेव रस्ता गेला. आधी लेखकाला विचारा, एवढी घाई कसली?

पुढे काय होणार हे फासे टाकून ठरतं तिथे: '१ ते ३ आला तर, ३ ते ६ आला तर', मग ३ आल्यावर काय? दोन फाशांची बेरीज २ पासून सुरू होते, १ कधीच येत नाही.

मराठीत अजून एक, 'तू गुहेत शिरलास' लिहिलं की खेळणारी मुलगी तिथेच पुस्तकाबाहेर. 'तुम्ही शिरलात' करा, किंवा 'तू दार उघडलंस' अशी रचना घ्या. 'दमलेला', 'घाबरलेला' वेगळे शोधा, ते हमखास सुटतात.

ऱ्हस्व-दीर्घ मी शेवटी बघतो, वाक्यं तोपर्यंत हलतच असतात. डावं-उजवं मात्र पहिल्याच दिवशी, नकाशा शेजारी ठेवून.