अमेरिकी नौदलाच्या राखीव दलात गुप्तवार्ता अधिकारी व्हायचंय?

ग्रीन कार्ड चालत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व आणि पदवी हवी. रिक्रूटरला 'राखीव दल, अधिकारी, 1835' (1835 हा या पदाचा संकेतांक) असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो खलाशीभरतीकडे वळवेल.

खरा घोळ एसएफ-86 फॉर्ममध्ये, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या परवानगीसाठी भरायच्या पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्ममध्ये होतो. दहा वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या महिन्यागणिक जुळायला हव्यात. मध्ये चार महिने पुण्यात आईबाबांकडे राहिलात? तेही लिहा. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक पत्त्यावर तुम्हाला ओळखणारं कुणीतरी लागतं. भारतातले भाऊबहीण, एफडी, सातबाऱ्यावर नावावर असलेली जमीन, सगळं नोंदवा. परदेशी नातेवाइकांमुळे अर्ज आपोआप बाद होत नाही. लपवलेलं सापडलं की मात्र सावरणं फार कठीण.

महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षाला दोन आठवडे, ही किमान सेवा. घरी आधीच बोलून ठेवा.