जुने संकेतस्थळ विकत घेण्यापूर्वी
लालबाग-गिरगावच्या गणपतिदर्शनाची माहिती देणारे एखादे चालते संकेतस्थळ गुंतवणूक म्हणून घेताना विक्रेत्याने दाखवलेल्या वाचकसंख्येच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. भाद्रपदातली गर्दी वर्षभराची सरासरी म्हणून सहज खपवली जाते. गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल शोधातून संकेतस्थळावर किती लोक येतात हे मालकाला दाखवणाऱ्या साधनात, 16 महिन्यांपर्यंतची आकडेवारी राहते, म्हणून तिथे केवळ पाहण्यापुरता प्रवेश मागून घ्यावा आणि विसर्जनानंतरच्या महिन्यांत किती क्लिक उरतात, त्यांतले किती एखाद-दुसऱ्याच लेखावर येतात, हे स्वतः तपासावे. त्यात टाळाटाळ झाली, तर माझ्या मते व्यवहार तिथेच सोडावा. ॲडसेन्सचे, म्हणजे संकेतस्थळावर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेचे, खाते हस्तांतरित होत नाही. संकेतस्थळ आपल्या खात्यात नव्याने मंजूर होईपर्यंत तिथल्या जाहिरातींचे उत्पन्न थांबते, हे किंमत ठरवतानाच धरावे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आपल्या नावावर होण्याआधी पूर्ण रक्कम मात्र देऊ नये.